कष्टाला साक्षीदार हवा

कष्ट करून वर येणाऱ्या मुलांच्या गोष्टी मी आयुष्यभर वाचून दाखवत आले. भिवंडीत कामतघरच्या बाजूला एका मराठी शाळेत मी मराठी शिकवायची. शेवटच्या तासाला खिडक्या लावून घ्यायच्या, म्हणजे बाहेरच्या यंत्रमागांची खडखड जरा कमी होई, आणि पुस्तक उघडायचं. त्या गोष्टींत बहुधा एक मुलगा असे. घरात खायला नाही, बाप गेलेला किंवा दारूत बुडालेला, आई चार घरची भांडी घासणारी. मुलगा रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करतो, शेवटच्या पानावर निकाल लागतो, आईच्या डोळ्यांत पाणी येतं. या गोष्टी मला मनापासून आवडतात. त्या ऐकताना माझ्यासमोरची वाकून बसलेली पोरं ताठ होत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण अशी प्रत्येक गोष्ट न बोलता एवढं गृहीत धरते: जो कष्ट करतो, त्याला फळ मिळतं. धर्मांनी हजारो वर्षं ज्याच्याशी झगडा केला, तोच हा प्रश्न आहे. हे खरं आहे का? आणि नेहमी खरं नसेल, तर कोवळ्या पोरांना कष्टाच्या गोष्टी सांगायच्या कशाच्या जोरावर?

भिवंडीत हा प्रश्न पुस्तकात राहत नाही. इथे मागावरची पाळी बारा तासांची. एक कारागीर चार, कधी सहा माग सांभाळतो. धोटा इकडून तिकडे धावत असतो. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. मजुरी मीटरवर. वीज गेली की कापड थांबतं, कापड थांबलं की मजुरी थांबते, कारागीर मात्र तिथेच उभा असतो. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगण, कुठून कुठून माणसं इथे येतात, बिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवतात, पुष्कळजण कारखान्यातच पथारी टाकतात. माझे वडील जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. माग कुठे अडतोय हे ते नुसतं ऐकून सांगत, आणि उतारवयात त्यांना घरातल्या माणसांचं बोलणंही ऐकू येईनासं झालं. माझ्या वर्गातली काही मुलं शाळा सुटल्यावर कांड्या भरायला बसत. मुलींचं काम घरातलं, म्हणून ते कुणी कामात धरत नसे. कष्ट हा गुण बाहेरून आणून शिकवावा लागेल, असं हे गाव कधीच नव्हतं.

एकदा मी एकलव्याची गोष्ट सांगत होते. पाठ्यपुस्तकातली छोटी नव्हे, आदिपर्वात आहे तशी. निषादांच्या राजाचा, हिरण्यधनूचा मुलगा. निषाद म्हणून द्रोणांनी परत पाठवलेला. मातीची मूर्ती करून एकट्यानं रानात सराव करणारा. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात त्यानं बाण मारले, आणि मग अर्जुन द्रोणांपाशी जाऊन म्हणाला, माझ्याहून श्रेष्ठ कुणी होणार नाही असं तुम्ही म्हणाला होता ना? मग गुरुदक्षिणा, मग अंगठा. वर्गात वज्रेश्वरीकडच्या एका पाड्यावरून मामाकडे शिकायला आलेला मुलगा होता. एरवी तो बोलत नसे. त्यानं विचारलं, “बाई, त्यानं परत सराव केला असेल ना?” मी म्हटलं, केला; महाभारतात लिहिलंय की तो उरलेल्या बोटांनी बाण मारू लागला. “मग पहिल्यासारखा झाला?” मी जे लिहिलंय तेच सांगितलं. पहिल्यासारखी चपळाई राहिली नाही. त्यानं थोडा वेळ घेतला आणि विचारलं, “मग यात त्याचं काय कमी पडलं?”

याचं उत्तर आपल्या धर्मग्रंथांत शोधायला गेलं की वाट लगेच सापडत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं वचन सगळ्यांना पाठ असतं: कर्म तुझं, फळावर अधिकार नाही. ते वचन मला फार मोठं वाटतं. फळाच्या चिंतेनं हात थरथरू नयेत म्हणून ते आहे. पण ते कोण कुणाला सांगतंय, यावर त्याचा अर्थ ठरतो. कृष्णानं ते एका राजपुत्राला सांगितलं, ज्याच्यासमोर राज्य होतं आणि हातात गांडीव. आठवड्याची मजुरी मागायला आलेल्या माणसाला ऐकवण्यासाठी ते सांगितलेलं नाही. ज्याच्या हाती दुसऱ्याचं फळ आहे, त्यानं तरी हे वचन तोंडावर आणू नये, असं माझं ठाम मत आहे.

तरुणांसाठी आपल्याकडे सर्वांत धीट बोलला तो योगवासिष्ठातला वसिष्ठ. तिथला राम सोळाही पूर्ण झालेला नाही. तीर्थयात्रा करून परतलाय, खात नाही, बोलत नाही, कशातच अर्थ वाटत नाही असं म्हणतो. आजच्या कुठल्याही घरात असा मुलगा सापडेल. ब्रह्माची चर्चा रंगायच्या आधी वसिष्ठ त्याला पौरुष सांगतो. दैव म्हणून वेगळी काही वस्तूच नाही, तो म्हणतो. कालचा प्रयत्न आणि आजचा प्रयत्न हे दोन मेंढे एकमेकांना टकरा देतात, त्यात जो बळकट तो जिंकतो. म्हणून आजचा मेंढा बळकट कर. नववीत नापास झालेल्या पोराला मी हे सांगितलं आहे आणि त्याचा उपयोग झालेला पाहिला आहे. रामदासांनी तर यत्नालाच देवाच्या जागी बसवलं.

पण या शिकवणीच्या पोटात एक धोका आहे. सगळं जर स्वतःच्या प्रयत्नाचंच असेल, तर जो हरला त्याचा दोष पूर्ण त्याचाच. या जन्मीचा नसेल तर मागच्या जन्मीचा. गरिबाला त्याच्या गरिबीचा आरोपी करणारं हे तर्कशास्त्र डॉ. आंबेडकरांनी उघडं पाडलं. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर आलेल्या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्मावर आजची अवस्था ठरते ही कल्पना त्यांनी बुद्धाच्या शिकवणीत बसूच शकत नाही म्हणून नाकारली, कारण ती मान्य केली की समाजाची जबाबदारीच संपते. आजच्या यशोगाथांनी मागचा जन्म टाकून दिला आहे, निकाल मात्र तोच ठेवला आहे. आता म्हणतात, मेहनत कमी पडली.

हे म्हणणाऱ्यानं २०२० च्या उन्हाळ्यात मुंबई-नाशिक महामार्गावर उभं राहायला हवं होतं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि भिवंडीचे माग एका रात्रीत थांबले. या गावात इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. माणसं डोक्यावर बोचकी घेऊन, पोरं कडेवर घेऊन पडघ्याच्या दिशेनं उत्तरेकडे चालत निघाली. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरसाठी श्रमिक विशेष गाडी सुटली. बारा बारा तास उभं राहून अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसांना शेवटी घरी जायला गाडीसाठी रांग लावावी लागली. यांतल्या कुणाची मेहनत किती कमी पडली होती, हे मला कुणीतरी मोजून दाखवावं.

म्हणून मी ‘झोंबी’कडे पुन्हा पुन्हा जाते. आनंद यादवांची ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ साली आली, तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि ती ‘कष्टानं शिकलेल्या मुलाची गोष्ट’ म्हणून ओळखली जाते. ती तशी आहेच. कागलचा आनंदा, बाप त्याला शाळेतून काढून शेतावर जुंपतो, पोराच्या मनात शाळेशिवाय काही नाही. पण तो परत शाळेत कसा जातो ते नीट वाचावं. पोरगा एकटा काही करू शकत नाही. तो आईपाशी मन मोकळं करतो. आईला माहीत आहे की नवऱ्यापुढे आपलं काही चालणार नाही. मग दोघं गावातल्या मोठ्या माणसाकडे, दत्ताजीराव देसायांकडे जातात, आणि आम्ही आलो होतो हे बापाला कळू देऊ नका असं विनवतात. दत्ताजीराव बापाला बोलावून घेतात, खडसावतात. बाप वरमतो, पण अटी घालून: सकाळी अकरापर्यंत शेतात काम, तिथूनच शाळेत, शाळेतून आल्यावर गुरं राखायची, कामाची घाई असेल त्या दिवशी शाळा नाही. आनंदा सगळ्याला हो म्हणतो.

वर्गात आपल्याहून लहान पोरांत तो बसतो, पोरं टिंगल करतात. मग वसंत पाटील नावाचा हुशार मुलगा दिसतो, आणि आनंदा त्याच्यासारखी पुस्तकं नीट ठेवू लागतो, त्याच्यासारखी गणितं सोडवू लागतो. सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन शिकवतात, आणि पिकाला पाणी पाजता पाजता हा मुलगा त्या कविता मोठ्यानं म्हणू लागतो. एकटेपणाची त्याला ओढ लागते, कारण एकटं असलं की मोठ्यानं गाता येतं. कागद नसला तर म्हशीच्या पाठीवर काठीनं ओळ लिहायची, खडकावर दगडानं लिहायची. हा भाग वाचताना माझा आवाज दरवेळी बदलायचा, आणि पोरांना ते कळायचं.

आनंदाच्या जिद्दीला माझा नमस्कार. पण त्या जिद्दीला आईची ती छोटी लबाडी लागली, एका वजनदार माणसाचा शब्द लागला, शेजारच्या बाकावरचा मित्र लागला, आणि एक मास्तर लागला. दत्ताजीराव त्या दिवशी घरी नसते तर? आनंदाच्या कष्टात कणभरही फरक पडला नसता, आणि आपल्या हातात ‘झोंबी’ आली नसती. किती आनंदांचे दत्ताजीराव घरी नव्हते, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. यादवांचा मोठेपणा असा की त्यांनी स्वतःच्या यशाच्या कहाणीत हे सगळे हात दिसू दिले. ज्याला आपलंच कर्तृत्व मिरवायचं असतं, तो हे हात पहिल्यांदा झाकतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, चेष्टा म्हणजे हालचाल, आणि पाचवं दैव. शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर दोघंही अधिष्ठान म्हणजे शरीर, साधनं म्हणजे इंद्रियं असा अर्थ लावतात, आणि त्यांच्या विषयात तो योग्यच आहे. मी माझ्या वर्गापुरतं ते जरा रुंद करून वाचते. बसायला जागा, दिवा, वही, भरलेलं पोट, हो म्हणणारा बाप, हे अधिष्ठान आणि साधनं. आपल्या बहुतेक गोष्टी कर्ता आणि चेष्टा या दोहोंवरच भागवतात. पोरगा आणि त्याची मेहनत. उरलेलं सगळं दैवावर ढकललेलं, जणू शाळेची फी हीसुद्धा ग्रहताऱ्यांची बाब आहे. त्या पाचांतली दोन तरी कारणं सरळ आपल्या, मोठ्या माणसांच्या, हातातली आहेत. एकलव्याच्या बाबतीत अंगठा मागणारं दैव नव्हतं, शिक्षक होता. त्या पाड्यावरच्या मुलाला मी शेवटी हेच सांगितलं: त्याचं काही कमी पडलं नाही, गुरूचं पडलं.

साने गुरुजींना हे आतून ठाऊक होतं. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत आणि वसतिगृह सांभाळत. आजारी मुलांच्या उशाशी बसणं, त्यांच्या खोल्या झाडणं, हे सगळं त्यांनी केलं. ‘धडपडणारी मुले’ लिहिणाऱ्या माणसानं मुलांना नुसतं धडपडा असं सांगून हात झटकले नाहीत. मे १९४७ मध्ये ते पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून, आणि ते खुलं झालं. चोखोबांची भक्ती त्याच्या सहाशे वर्षं आधी त्याच दारापाशी उभी होती. तिच्यात काय कमी होतं? चोखोबा मंगळवेढ्याला भिंतीखाली सापडून गेले, आणि दार नंतरही शतकानुशतकं बंद राहिलं. आणखी भक्ती केली असती तर उघडलं असतं, असं म्हणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. मग अभ्यासाच्या, नोकरीच्या दारांबद्दल आपण इतक्या सहज तसं का म्हणतो? धडपड करणाऱ्या मुलांवर पुस्तक लिहिणारा माणूस दार उघडायला स्वतः उपाशी बसला, यात मला त्यांचं सगळं तत्त्वज्ञान दिसतं.

आणि फळ आलंच नाही तर? तिथे मला उद्धव शेळके यांची ‘धग’ लागते. १९६० सालची कादंबरी. विदर्भातल्या एका शिंप्याच्या घरातली कौतिक संसार उभा राहावा, पोरं शिकावीत म्हणून राबते, आणि कादंबरी तिला त्या राबण्याचं काही परत देत नाही. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी कितीतरी दिवस अस्वस्थ होते. पण कौतिकचे कष्ट वाया गेले असं मला कधी वाटलं नाही, आणि असं का वाटत नाही हे मला एका पालकानं समजावलं.

ते मोमीन कारागीर होते. त्यांचे आजोबा उत्तर प्रदेशातून हातमाग सोडून इकडे आलेले. मुलगी माझ्या वर्गात. दहावीला तिला चांगले गुण मिळाले आणि त्याच वर्षी घरच्या अडचणीमुळे तिचं शिक्षण सुटलं. मी त्यांच्याकडे भांडायलाच गेले होते. ते माझ्याशी वाद घालू शकले असते, घातला नाही. कुराणातल्या अन-नज्म सुरेतल्या तीन आयती त्यांनी मला अर्थासह सांगितल्या: माणसाला त्याच्या प्रयत्नाचं तेवढंच मिळतं, त्याचा प्रयत्न पाहिला जाईल, आणि मग त्याचा पुरेपूर मोबदला दिला जाईल. “टीचर, बीचवाली बात देखिए,” ते म्हणाले. “मोबदला बाद में है. पहले देखा जाएगा.” त्यांच्या मुलीनं वह्या कशा भरल्या, पहाटे उठून किती वाचलं, ते त्यांनी पाहिलं होतं, आणि पाहिलेलं वाया जात नाही अशी त्यांची श्रद्धा होती. मुलीचं शिक्षण सुटल्याचं दुःख मला आजही आहे, आणि या श्रद्धेनं तो अन्याय पुसला जात नाही. पण ते जे म्हणाले त्यातलं मधलं वाक्य माझ्यापाशी राहिलं.

मोबदला देणं देवाच्या हातात असेल. बघणं माणसाला करता येतं, आणि चांगली कादंबरी तेच करते. शेळके कौतिकला काही देऊ शकत नाहीत, पण तिचा एकही दिवस ते नजरेआड होऊ देत नाहीत. कोणत्या सणाला घरात काय नव्हतं, कुणाकडून काय उसनं आणलं, ते सगळं त्यांनी पाहिलंय, आणि आता आपणही पाहतो. तरुणांच्या कष्टाच्या गोष्टीकडून मी एवढंच मागते. शेवटी पेढे वाटायचे असतील तर वाटावेत. पण मधली पानं पेढ्यांकडे पोचायची घाई करत नसावीत.

माझ्या या म्हणण्याशी माझाच एक विद्यार्थी सहमत नाही. तो आता काल्हेरकडच्या एका गोदामात पाळीत काम करतो, मुक्त विद्यापीठातून बी. ए. झाला, आणि रविवारी आम्ही काहीजण वाचायला बसतो तिथे येतो. ‘धग’ वाचून झाल्यावर तो म्हणाला, “बाई, हे माझ्या आईला वाचून दाखवलं तर ती म्हणेल, हे तर मला माहीत होतं. मला माहीत नाही ते सांग.” पास झालेल्या पोराची गोष्ट त्याला हवी होती, आणि ती गोड लागते म्हणून नाही. ती शक्य आहे हे त्याला दहावीपर्यंत ठाऊकच नव्हतं, ते गोष्टीतूनच कळलं. मी त्यावर खूप विचार केला. वसिष्ठानं रामाला जे सांगितलं ते याच कारणानं सांगितलं असणार. जो बुडतोय त्याला आधी काठ आहे एवढं कळायला हवं. काठावर कोण उभं होतं याची चर्चा नंतरची.

तरी मी त्याला विचारलं, तुझी गोष्ट लिहायची झाली तर कोण कोण येईल? तो बोटं मोजू लागला. परीक्षेच्या महिन्यांत उधारीवर जेवू घालणारी बिस्सीवाली मावशी. रात्रपाळी बदलून देणारा मुकादम. ज्याच्या खोलीत वाचायला दिवा होता तो पद्मानगरचा तेलुगू मित्र. मग तो आपणहून थांबला आणि म्हणाला, सोबत बसणारा एक मुलगा याच्याइतकाच अभ्यास करायचा, तोसुद्धा यायला हवा. तो बारावीनंतर मागावर गेला. मी म्हटलं, मग त्याच्यापासूनच सुरू कर. तो म्हणाला, नाही बाई, सुरुवात माझ्या पास होण्यापासून, त्याशिवाय कुणी पुढचं वाचणार नाही. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.